खेळाडूने प्रशिक्षक होताना
व्यावसायिक बास्केटबॉल खेळून रत्नागिरीला परतलेल्या खेळाडूने प्रशिक्षक व्हायचे ठरवल्यास प्रथम पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करावा. खरी कसोटी पुढे लागते, कारण जे आपल्या हाताला सवयीने जमते तेच दहा वर्षांच्या मुलाला टप्प्याटप्प्याने उलगडून दाखवावे लागते. त्याला ३.०५ मीटर उंचीच्या रिंगखाली उभे करू नये, २.६० मीटरची रिंग आणि ५ क्रमांकाचा (लहान आकाराचा) चेंडू द्यावा, नाहीतर तो खांद्यातून चेंडू भिरकावू लागतो आणि ती खोड पुढे सहजी सुटत नाही. कोपर रिंगच्या दिशेला, चेंडू सुटताना मनगट सैल, एवढेच आठवडाभर पाहावे. पावसाळ्यात शेवाळलेल्या मैदानावर मुलांना पळवू नये, हे मी कळकळीने सांगतो. त्याऐवजी शाळेच्या पडवीत ड्रिब्लिंग, म्हणजे हाताने चेंडूला टप्पे देण्याचा सराव, घ्यावे.