भाजीवरच्या अळ्या: या चुका टाळा

पानांची चाळण झाली की हात आधी फवारणीच्या बाटलीकडे जातो. तिथंच चुकतं. आधी अळी शोधा. पानांवर काळपट-हिरव्या ताज्या लेंड्या दिसल्या, तर त्यांच्या वरचं पान उलटून बघा. दिवसा काहीच सापडलं नाही तर रात्री टॉर्च घेऊन जा. चार-सहा कुंड्यांसाठी अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकण्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. केसाळ अळीला मात्र उघड्या हाताने शिवू नका.

कडुनिंबाचं तेल फवारलं, दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली, म्हणून तेल दुप्पट केलं! यात अळीपेक्षा पानंच आधी करपतात. कडुनिंब अळीला लगेच मारत नाही. तिचं खाणं मंदावतं, कात टाकणं बिघडतं, आणि त्याला काही दिवस लागतात. लिटरभर पाण्याला 5 मिली तेल पुरे. ते आधी थोड्या सौम्य द्रव साबणात फेटून घ्या, नाहीतर पाण्यावर नुसतं तरंगतं.

बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जीवाणू, अळीच्या पोटात गेला तरच काम करतो. उन्हाने त्याचा जोर लवकर ओसरतो, म्हणून तो संध्याकाळी, पानांच्या खालूनही फवारा. अळ्या लहान असतानाच त्याचा खरा उपयोग. बोटाएवढ्या झाल्यावर वेचणंच बरं.

फळात किंवा शेंड्यात शिरलेल्या अळीपर्यंत यातलं काहीच पोचत नाही. वांग्याचा मान टाकलेला शेंडा, छिद्र पडलेला टोमॅटो लगेच काढून नष्ट करा. कंपोस्टात टाकलात तर पतंग तिथूनच बाहेर पडायचा.

कोवळं रोप रात्रीत जमिनीलगत कापलं गेलं असेल, तर पानं तपासण्यात वेळ घालवू नका. खोडाजवळची माती बोटाने उकरा, वेटोळं घातलेली अळी तिथं सापडेल. नव्या रोपांभोवती पुठ्ठ्याचं कडं दोन-तीन सेंटिमीटर मातीत खोचून ठेवा.

जाळी लावायची तर लागवडीच्या दिवशीच. पतंग अंडी घालून गेल्यावर लावलेली जाळी अळ्यांनाच पक्ष्यांपासून वाचवते. भोपळा, काकडी फुलावर आली की मात्र मधमाश्यांसाठी ती काढा.

अळीच्या पाठीवर तांदळाच्या दाण्यांसारखं पांढरं काही चिकटलेलं असेल तर थांबा. मी एकदा ती अळीची अंडी समजून चिरडली होती. ते असतात चिमुकल्या गांधीलमाश्यांचे कोष. ती अळी आता फारसं खात नाही, तिला तशीच राहू द्या. कोषांतून निघणाऱ्या माश्या पुढच्या अळ्या शोधायला लागतील.