‘बदला’ दाबलं आणि ॲपच गायब

माझं टिपणांचं छोटं ॲप विंडोजवर मजेत चालत होतं. मॅकसाठी मी एवढंच केलं: कीबोर्ड शॉर्टकटमध्ये जिथे कंट्रोल की, तिथे कमांड. पहिल्याच दिवशी ‘शोधा आणि बदला’साठी कमांड + एच दाबलं आणि आख्खं ॲप दिसेनासं झालं. क्रॅश समजून तासभर लॉग, म्हणजे ॲपने लिहून ठेवलेल्या नोंदी, चाळत बसलो. क्रॅश कसला, मॅकवर तो शॉर्टकट ॲप लपवायचाच आहे!

मग कोडमध्ये जागोजागी पेरलेल्या कीज उपटल्या आणि एकच तक्ता केला: आधी कृतीचं नाव, पुढे प्रत्येक सिस्टिमची की. कॉपी, सेव्ह, अनडू सरळ जुळले. ‘बदला’ मॅकवर कमांड + ऑप्शन + एफ झालं. रीडू, म्हणजे अनडू केलेलं परत आणणं, विंडोजवर कंट्रोल + वाय, मॅकवर कमांड + शिफ्ट + झेड. सगळीकडे एकच की हवी, हा हट्ट तिथेच सोडला.

विंडोजवर कंट्रोल + ऑल्ट मात्र पूर्ण टाळलं. काही कीबोर्डांवर ऑल्ट-जीआर (जादा चिन्हं टाइप करायची उजवीकडची ऑल्ट की) म्हणजे तेच. माणूस युरोचं चिन्ह टाइप करायला जातो आणि भलतीच कृती चालते.

मेनूतली कीजची नावंही आता तक्त्यातूनच येतात. आधी मॅकवरही ‘कंट्रोल’ छापलेलं दिसायचं.