अँड्रॉइड सोडून आयफोन, की आयफोन सोडून अँड्रॉइड? नवा फोन निवडताना आणि बदलताना काय करावं

फोन बदलायचा म्हटलं की बहुतेक जण कॅमेरा, प्रोसेसर आणि बॅटरीचे आकडे बघायला बसतात. त्याच सिस्टिमचा नवा फोन घेताना ते ठीक आहे. पण अँड्रॉइडवरून आयफोनवर किंवा आयफोनवरून अँड्रॉइडवर जायचं असेल, तर आधी जुन्या फोनकडे बघा. तुमचं काय काय त्यात अडकलंय, त्यातलं काय सहज निघतं, काय निघतच नाही, हे कळल्यावर नव्या फोनची निवड बरीचशी आपोआप होते. आणि काही गोष्टी नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच हलवता येतात, ती वेळ गेली की फोन रिसेट करून पुन्हा सुरुवात करावी लागते. म्हणून या लेखातला क्रम जसा आहे तसाच ठेवा, असा माझा आग्रह आहे.

पायरी १ : जुन्या फोनची झडती घ्या

कागद घ्या आणि फोनमधली सगळी अ‍ॅप्स एकेक करून बघा. प्रत्येक अ‍ॅपसमोर तीन प्रश्न लिहा : दुसऱ्या सिस्टिमवर ते मिळतं का? त्यातला डेटा खात्यात आहे की फक्त फोनमध्ये? त्यासाठी पैसे भरले आहेत का?

मोठी अ‍ॅप्स दोन्हीकडे मिळतात, तिथे अडचण येत नाही. अडचण येते ती छोट्या अ‍ॅप्सची. एखादी जमाखर्चाची वही, औषधांची आठवण देणारं अ‍ॅप, कॉल रेकॉर्डर, ऑफिसने दिलेलं हजेरीचं अ‍ॅप. यातलं एखादं तुमच्या रोजच्या कामाचं असेल आणि पलीकडे मिळत नसेल, तर तो निर्णय बदलण्याइतका मोठा मुद्दा आहे. प्ले स्टोअरबाहेरून थेट फाइल उतरवून टाकलेली अ‍ॅप्स तर आयफोनवर विसराच. आयफोनवर अशी मुभा युरोपियन युनियनसारखे मोजके अपवाद सोडले तर नाही.

पैसे देऊन घेतलेली अ‍ॅप्स दुकानाशी बांधलेली असतात. प्ले स्टोअरवर विकत घेतलेलं अ‍ॅप अ‍ॅप स्टोअरवर पुन्हा विकत घ्यावं लागतं. सबस्क्रिप्शनचं तसं नसतं. सेवा त्याच कंपनीच्या खात्याशी जोडलेली असेल तर नव्या फोनवर लॉग-इन केलं की चालते, पण पैसे जुन्याच दुकानातून कापले जात राहतात. ती यादी आत्ताच काढा. जी सबस्क्रिप्शन नको आहेत ती जुना फोन हातात असतानाच बंद करा. फक्त अ‍ॅप काढून टाकलं म्हणून सबस्क्रिप्शन बंद होत नाही.

खेळांची प्रगती अ‍ॅपलच्या गेम सेंटर किंवा गुगलच्या प्ले गेम्समध्ये साठवलेली असेल तर ती सहसा पलीकडे जात नाही. खेळात वेगळं खातं जोडायची सोय असेल तर आधी जोडून घ्या.

पायरी २ : फोनच्या भोवतीच्या वस्तू मोजा

याकडे दुर्लक्ष झालं की खर्च वाढतो. अ‍ॅपल वॉच वापरायला आयफोनच लागतो, अँड्रॉइडशी ते जोडता येत नाही. सॅमसंगची गॅलेक्सी वॉच ४ (२०२१) आणि त्यानंतरची घड्याळं आयफोनशी चालत नाहीत. एअरपॉड्स मात्र अँड्रॉइडवर साध्या ब्लूटूथ इयरफोनसारखे चालतात. आवाज येतो, बोलता येतं, फक्त आपोआप जोडलं जाणं आणि सेटिंग्जच्या काही सोयी जातात. फिटनेस बँड विकणाऱ्या बऱ्याच कंपन्यांची अ‍ॅप्स दोन्हीकडे असतात, पण तुमच्या मॉडेलचं एकदा तपासा.

केबलचंही बघा. आयफोन १५ पासून (सप्टेंबर २०२३) यूएसबी-सी आलं, त्याआधीच्या आयफोनना लाइटनिंग पोर्ट आहे. म्हणजे नवा आयफोन घेतलात तर अँड्रॉइडची केबल बहुधा कामी येईल, जुनं मॉडेल घेतलंत तर नाही.

घरातल्या लोकांचाही विचार करा. घरात सगळ्यांकडे आयफोन असतील आणि फोटो, कॅलेंडर, लोकेशन अ‍ॅपलच्या सोयींतून वाटून घेतलं जात असेल, तर एकट्याने बाहेर पडणं सगळ्यांना जाणवतं. उलट घरात सगळं गुगलच्या खात्यांवर चालत असेल तर आयफोन घेऊनही फार बिघडत नाही, कारण जीमेल, गुगल फोटोज, गुगल कॅलेंडर, मॅप्स हे सगळं आयफोनवरही आहे. अँड्रॉइडकडून आयफोनकडे जाणं थोडं सोपं पडतं ते यामुळे. गुगलच्या सेवा सोबत येतात. अ‍ॅपलच्या बहुतेक सेवा अँड्रॉइडवर तितक्या सहज येत नाहीत.

पायरी ३ : आता फोन निवडा

माझ्या मते चार गोष्टींवर निवड करावी, बाकी सगळं नंतर.

पहिली, अपडेट किती वर्षं मिळणार. गुगलने पिक्सेल ८ पासून (ऑक्टोबर २०२३) आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून (जानेवारी २०२४) सात वर्षांच्या अपडेटचं आश्वासन दिलं. अ‍ॅपल पुढच्या वर्षांची अशी ठळक जाहिरात करत नसलं तरी प्रत्यक्षात बरीच वर्षं अपडेट देतं. २०१८ च्या आयफोन एक्सएस आणि एक्सआरला २०२४ मधलं आयओएस १८ मिळालं. स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये हा आकडा पुष्कळ कमी असू शकतो, आणि तिथेच जास्त लोक फसतात. शिवाय ही वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजली जातात, तुम्ही घेतल्यापासून नाही. चार वर्षांचं आश्वासन असलेला फोन बाजारात येऊन दीड वर्ष झालं असेल, तर तुमच्या वाट्याला अडीचच वर्षं येतात. सवलतीत मिळणारं जुनं मॉडेल घेताना हा हिशेब नक्की करा.

दुसरी, स्टोरेज. आयफोनमध्ये मेमरी कार्ड टाकता येत नाही, आणि आता बऱ्याच महागड्या अँड्रॉइड फोनमध्येही ती सोय राहिलेली नाही. म्हणून जुन्या फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन किती जागा भरली आहे ते बघा आणि त्यात मेमरी कार्डावरचा डेटाही मिळवा. बेरीज ९० जीबी आली तर १२८ जीबीचा फोन घेऊ नका. सिस्टिमलाही जागा लागते आणि फोटो काही थांबत नाहीत. क्लाउडचा आधार घेणार असाल तर हे लक्षात असू द्या : गुगल खात्याला १५ जीबी फुकट मिळतात, अ‍ॅपलच्या आयक्लाउडला ५ जीबी. पाच जीबीत संपूर्ण फोनचा बॅकअप क्वचितच बसतो.

तिसरी गोष्ट हाताची. दुकानात फोन हातात घेऊन फक्त कॅमेरा उघडू नका. मेसेज लिहायचा स्क्रीन उघडा, आपल्या भाषेचा कीबोर्ड लावा आणि एका हाताने चार ओळी टाइप करा. जोडाक्षरं सहज येतात का बघा. एखादा शब्द निवडून कॉपी करा, दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जाऊन पेस्ट करा, परत या. हे 'परत येणं' दोन्हीकडे वेगळं आहे. अँड्रॉइडवर डाव्या किंवा उजव्या कुठल्याही कडेवरून बोट आत सरकवलं की मागे जाता येतं. आयफोनवर सहसा डाव्या कडेवरूनच, आणि काही अ‍ॅप्समध्ये वरच्या कोपऱ्यातला बाणच दाबावा लागतो; मोठ्या फोनवर उजव्या अंगठ्याला तो कोपरा लांब पडतो. मग नोटिफिकेशन खाली ओढून बघा, एखादं पुसून बघा. दिवसात शेकडो वेळा करायच्या या हालचाली आहेत. त्या पंधरा मिनिटांत अंगवळणी पडणार नाहीत, पण कुठे अडखळायला होतं ते नक्की कळतं.

चौथी, दुरुस्ती. तुम्ही राहता तिथे त्या कंपनीचं सेवा केंद्र आहे का आणि स्क्रीन व बॅटरी बदलायला किती खर्च येतो, हे खरेदीआधी विचारा.

कॅमेऱ्याबद्दल फार लिहीत नाही. ठरावीक किमतीच्या वर दोन्हीकडचे फोटो उत्तम येतात.

पायरी ४ : नवा फोन घाईने सुरू करू नका

पेटी उघडल्यावर हात शिवशिवतात, पण इथेच थांबायचं आहे. व्हॉट्सअ‍ॅपमधल्या गप्पा हे त्याचं मुख्य कारण. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप गुगल ड्राइव्हवर जातो, आयफोनवर आयक्लाउडवर. एकीकडचा बॅकअप दुसरीकडे उघडत नाही. म्हणून 'बॅकअप घेतलाय, नंतर उतरवू' हा भरवसा इथे उपयोगाचा नाही. गप्पा थेट एका फोनमधून दुसऱ्यात हलवाव्या लागतात, आणि ते नवा किंवा पूर्ण रिसेट केलेला फोन सुरू करताना करणं सगळ्यात खात्रीचं.

त्याआधी जुन्या फोनवर एवढं करा. सिस्टिम आणि सगळी अ‍ॅप्स अपडेट करा. संपर्क कुठे साठवले आहेत ते तपासा. काही गुगल खात्यात, काही फोनमध्ये, काही सिमकार्डात असं अनेकदा असतं. सगळे एका खात्यात आणा. मग दोन्ही फोन चार्जिंगला लावा.

अँड्रॉइडकडून आयफोनकडे

अँड्रॉइडवर 'मूव्ह टू आयओएस' हे अ‍ॅपलचं अ‍ॅप उतरवा (ते २०१५ पासून आहे, व्हॉट्सअ‍ॅप हलवायची सोय त्यात २०२२ मध्ये आली). आयफोनचं सेटअप चालू करा. डेटा कुठून आणायचा असं विचारणारा स्क्रीन येईल, तिथे अँड्रॉइडचा पर्याय निवडा. आयफोनवर आकड्यांचा एक कोड दिसेल, तो अँड्रॉइडवर टाका. मग अँड्रॉइडवर यादी येईल : संपर्क, मेसेज, फोटो-व्हिडिओ, कॅलेंडर, व्हॉट्सअ‍ॅप. व्हॉट्सअ‍ॅप निवडलं की ते अ‍ॅप उघडून गप्पा बाहेर काढायची तयारी करतं. ती पूर्ण होऊ द्या आणि मग पुढे जा.

आता खरी धीराची वेळ. अँड्रॉइडवरची पट्टी भरते, काम झाल्याचं दिसतं, आणि आयफोनवरची पट्टी मात्र अजून सरकत असते. या क्षणी अनेक जण अँड्रॉइड उचलून दुसरं काहीतरी उघडतात. तसं करू नका. आयफोनवरची पट्टी संपेपर्यंत दोन्ही फोन जागचे हलवू नका, 'मूव्ह टू आयओएस' स्क्रीनवर राहू द्या. मध्येच कॉल आला तरी काम तुटू शकतं, म्हणून रात्रीची किंवा निवांत वेळ निवडा.

नंतर आयफोनवर व्हॉट्सअ‍ॅप उतरवा आणि त्याच नंबरने लॉग-इन करा. नंबर तोच हवा. गप्पा आणि त्यातले फोटो येतात, कॉलची नोंद येत नाही. गाणी, पुस्तकं आणि पीडीएफ स्वतंत्रपणे हलवावी लागतात.

आयफोनकडून अँड्रॉइडकडे

इथे सहसा केबल लागते. लाइटनिंगवाल्या आयफोनसाठी यूएसबी-सी ते लाइटनिंग, आयफोन १५ आणि पुढच्यांसाठी दोन्ही टोकांना यूएसबी-सी. नवा अँड्रॉइड सेटअप करताना केबल जोडा आणि सूचना पाळत जा. व्हॉट्सअ‍ॅपसाठी क्यूआर कोड येईल तो आयफोनने स्कॅन करा. व्हॉट्सअ‍ॅपची ही सोय २०२१ मध्ये आधी सॅमसंगवर आणि मग पिक्सेल व अँड्रॉइड १२ असलेल्या फोनवर आली. हस्तांतराचे पर्याय अपडेटगणिक सुधारत असतात, त्यामुळे खरेदीच्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपचं मदतपान एकदा वाचून घ्या.

फोटो आयक्लाउडमध्ये असतील तर अ‍ॅपलच्या प्रायव्हसी पानावरून ते थेट गुगल फोटोजमध्ये पाठवायची विनंती करता येते. त्याला काही दिवस लागतात.

आणि एक गोष्ट कधीही विसरू नका : सिम काढण्याआधी आयफोनच्या सेटिंग्जमध्ये आयमेसेज आणि फेसटाइम (अ‍ॅपलच्या मेसेज आणि व्हिडिओ कॉलच्या सेवा) बंद करा. नाहीतर इतर आयफोनधारकांनी तुम्हाला पाठवलेले मेसेज आयमेसेज म्हणून जात राहतात आणि तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. फोन आधीच हातातून गेला असेल तर अ‍ॅपलच्या संकेतस्थळावर नंबरची नोंदणी काढायची सोय आहे. नंबरवर कोड येतो, तो टाकला की काम होतं.

पायरी ५ : पासवर्ड, कोड आणि बँक

पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवले असतील तर ते फाइलच्या रूपात बाहेर काढून दुसरीकडे भरता येतात. ती फाइल कुलूप नसलेली, साधी असते, म्हणून काम झालं की लगेच पुसा आणि रिसायकल बिनमधूनही काढा.

ऑथेंटिकेटरवर (लॉग-इनसाठी बदलते कोड देणाऱ्या अ‍ॅपवर) सहा आकडी कोड येत असतील तर जुना फोन चालू असतानाच ती खाती नव्यावर न्या. गुगल ऑथेंटिकेटरमध्ये क्यूआर कोडने हलवायची सोय आहे. पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने लॉग-इन करायची सोय) वापरत असाल तर प्रत्येक महत्त्वाच्या खात्यात नव्या फोनची वेगळी पासकी तयार करा. बँकेची अ‍ॅप्स सहसा नव्या फोनवर नव्याने नोंदणी मागतात आणि त्यासाठी तुमचं सिम त्याच फोनमध्ये असावं लागतं. काही बँका नोंदणीनंतर थोडा काळ मोठे व्यवहार करू देत नाहीत. महत्त्वाचा हप्ता किंवा भाडं भरायच्या आदल्या दिवशी फोन बदलू नका.

पायरी ६ : जुना फोन

निदान महिनाभर जवळ ठेवा. वर्षातून एकदाच उघडायचं एखादं अ‍ॅप राहून गेलेलं असतंच.

मग विकायचा किंवा द्यायचा असेल तेव्हा आधी खातं काढा, नंतर रिसेट करा. आयफोनवर 'फाइंड माय' (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद करून अ‍ॅपल खात्यातून बाहेर पडा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमधून गुगल खातं काढा. हे न करता फोन पुसला तर पुढचा माणूस फोन सुरू करताना तुमच्याच खात्याचा पासवर्ड मागणाऱ्या स्क्रीनवर अडकू शकतो. घड्याळ जोडलेलं असेल तर तेही आधी सोडवा, मेमरी कार्ड आणि सिम काढा, आणि रिसेट झाल्यावर फोन पुन्हा चालू करून स्वागताचा पहिला स्क्रीन येतोय याची खात्री करूनच तो हातावेगळा करा.