मूत्राशयाच्या कॅन्सरच्या ट्रायलवर नवीन सीआरसी: पहिल्या महिन्यात काय शिकावं

बी.फार्म., बीएएमएस, बीएचएमएस किंवा नर्सिंग करून क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर, म्हणजे ट्रायलचं (औषधाच्या चाचणीचं) रोजचं काम सांभाळणारा सीआरसी, झालेले पुष्कळ जण जीसीपीचं, म्हणजे ट्रायल नीट चालवण्याच्या नियमांचं, सर्टिफिकेट घेऊन येतात आणि पहिल्याच आठवड्यात फायलींत बुडतात. फायली लागतातच. पण या ट्रायलचा डेटा बिघडतो तो बहुतेक वेळा कॅथेटर घालायच्या खोलीत किंवा पेशंटच्या घरी, म्हणून आधी तिथलं काम समजून घ्या.

बीसीजीचंच बघा. क्षयाची लस म्हणून सगळ्यांना माहीत असलेले हे जिवंत जंतू 1976 पासून मूत्राशयाच्या वरवरच्या कॅन्सरवर वापरले जातात. टीयूआरबीटी, म्हणजे मूत्रमार्गातून दुर्बीण घालून करायचं ऑपरेशन, करून गाठ काढली की किमान दोन आठवडे थांबायचं, मग आठवड्याला एक असे सहा डोस. डोसच्या दिवशी लघवी लाल दिसली, ताप किंवा इन्फेक्शन असलं किंवा कॅथेटर घालताना रक्त आलं, तर डोस पुढे ढकलायचा. जखमेतून हे जंतू रक्तात गेले तर जिवावर बेततं. व्हिजिट विंडो, म्हणजे व्हिजिटसाठी ठरलेली मुदत, संपत आलीय म्हणून डॉक्टरांवर घाईचं दडपण आणू नका. प्रोटोकॉल डेव्हिएशन, म्हणजे ठरलेल्या आराखड्यापेक्षा वेगळं झाल्याची नोंद, लिहिता येतं.

औषध साधारण 50 मिली सलाइनमधून कॅथेटरनं (लघवीच्या नळीनं) मूत्राशयात सोडतात आणि दोन तास धरून ठेवायला सांगतात. पेशंट सकाळपासून चहा-पाणी पिऊन आला तर तासाभरातच त्याला कळ सोसत नाही, म्हणून आदल्या दिवशी फोन करून चार तास आधीपासून काही पिऊ नका असं सांगा. सोर्समध्ये, म्हणजे पेशंटच्या मूळ नोंदीत, 'डोस दिला' एवढंच लिहून भागत नाही. 10:40 ला सोडलं, 11:55 ला लघवी झाली, असं लिहा. पुढचे सहा तास दर वेळी बसून लघवी करायची, संडासाच्या भांड्यात लघवीइतकंच ब्लीच ओतायचं आणि 15 मिनिटांनी फ्लश. घरी ब्लीच आहे का, हेही विचारा.

नवख्यांच्या हातून सगळ्यात जास्त सुटते ती अँटिबायोटिकची नोंद. डोसनंतर जळजळ होते, पेशंट गावातल्या डॉक्टरकडे जातो आणि सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ओफ्लॉक्सासिन घेऊन येतो. ही औषधं बीसीजीचे जंतूच मारू शकतात. 'दुसरं काही औषध घेता का?' या प्रश्नाला उत्तर 'नाही' असंच येतं, कारण ते औषध त्याच्या लेखी संपलेलं असतं. रिकामी पाकिटं पिशवीतून घेऊन यायला सांगा.

सायटॉलॉजीसाठी, म्हणजे लघवीतल्या पेशींच्या तपासणीसाठी, सकाळची पहिली लघवी घेऊ नका. रात्रभर साठलेल्या लघवीत पेशी खराब होतात. गाठीचा तुकडा त्याच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावात) लगेच टाकायचा. रिपोर्टमध्ये स्नायूचा थर, म्हणजे डेट्रुसर, दिसलाय का ते वाचा. तो नसेल तर कॅन्सर किती खोल गेलाय हे खात्रीनं सांगता येत नाही आणि पेशंटची पात्रताच डळमळीत होते.

संमतीपत्राला वेळ द्या. 'यादृच्छिक' हा शब्द मराठी फॉर्ममध्ये असतो, पण तो कुणाला कळत नाही. 'कोणतं औषध मिळणार हे डॉक्टर ठरवत नाहीत, कॉम्प्युटर ठरवतो' असं सांगा आणि मग पेशंटलाच त्याच्या शब्दांत सांगायला लावा. वाचता येत नसेल तर निष्पक्ष साक्षीदार पूर्ण वेळ हजर हवा, नुसता सहीपुरता नाही. सही केलेल्या फॉर्मची प्रत त्याच्या हातात द्या. चूक झाली तर एक रेघ मारून सही-तारीख घाला. व्हाइटनर कधीच नाही.

भारतातल्या क्लिनिकल ट्रायलच्या 2019 च्या नियमांप्रमाणे गंभीर दुष्परिणाम (अॅडमिट व्हावं लागणंही त्यात येतं) 24 तासांत लायसन्सिंग अथॉरिटी, स्पॉन्सर (ट्रायल करवून घेणारी कंपनी किंवा संस्था) आणि एथिक्स कमिटीला कळवावा लागतो, आणि उशीर झाला तर कारण द्यावं लागतं. पेशंट तालुक्याच्या दवाखान्यात अॅडमिट झाला आणि तुम्हाला पुढच्या व्हिजिटला कळलं, तर ही मुदत केव्हाच उलटलेली असते. म्हणून ट्रायलचं नाव, तुमचा नंबर आणि 'अॅडमिट करताना आधी फोन करा' एवढं लिहिलेलं कार्ड पेशंटबरोबरच त्याच्या सुनेला किंवा मुलालाही द्या. फोन बहुधा तेच करतात.