आयटीआयनंतरचं एक वर्ष

वाळूज एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात आहे. दर वर्षी आमच्याकडे अप्रेंटिसच्या, म्हणजे शिकाऊ उमेदवारांच्या, मुलाखती होतात. परतूर, सेलू, गेवराई, कळमनुरी, लोहा अशा गावांहून मुलं-मुली येतात. कुणी पहाटेची एसटी धरून आलेलं असतं, कुणी आदल्या रात्रीच येऊन मित्राच्या खोलीवर थांबलेलं असतं. मी त्यांच्यासमोर एक व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, आणि लेथवर (धातू फिरवून कापायच्या मशीनवर) उतरवलेली पिन ठेवते आणि पिनचा व्यास विचारते. बरेचजण अडखळतात. गुणपत्रिकेवर प्रात्यक्षिकाचे मार्क भरघोस असतात आणि हातात व्हर्नियर थरथरत असतो. मला त्यांचा राग येत नाही. २०१७ साली माझीही हीच गत होती. यंदा दहावी झालेल्यांसाठी आणि आयटीआयच्या दुसऱ्या वर्षात असलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

आमचं गाव मंठा तालुक्यात. कापूस, सोयाबीन, आणि पाऊस धड झाला तर थोडी तूर. २०१५ला मला दहावीला ६२ टक्के मिळाले. घरात दोन मतं होती, अकरावी आर्ट्सला घालायचं किंवा लग्नाचं बघायचं. शाळेतल्या सरांनी आयटीआयचं सुचवलं, तेव्हा मोठे काका म्हणाले, "पोरीला कामून लोखंडात घालायलात?" सरकारी आयटीआयत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. अजूनही खेड्यांतून हे पोचलेलं नाही. आमच्या फिटरच्या (यंत्रांचे भाग घडवून जुळवणाऱ्याच्या) तुकडीत वीसएक मुलं होती, त्यात आम्ही तिघी. मुलींनो, जागा असतात, त्या भरल्या जात नाहीत. अर्ज करा.

प्रवेशाची रीत आधी सांगते, कारण चुका तिथूनच सुरू होतात. व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावर फॉर्म भरायचा, मग पसंतीक्रम द्यायचा, आणि गुणवत्तेप्रमाणे फेऱ्या लागतात. आयटीआयत ट्रेडला 'व्यवसाय' म्हणतात, त्यामुळे 'कोणता व्यवसाय निवडला' असं विचारलं तर गोंधळू नका. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा लागली तर ती घ्यावीच लागते. सोडली तर पुढच्या फेऱ्यांतून नाव जातं. सायबर कॅफेवाला जे सुचवेल ते पहिल्या नंबरवर टाकून मुलं मोकळी होतात आणि मग दोन वर्षं नको त्या व्यवसायात काढतात. पहिली पसंती घरी बसून ठरवा आणि फॉर्म भरताना स्वतः शेजारी उभे राहा.

व्यवसाय निवडताना मार्कांपेक्षा आजूबाजूला काय चालतं ते बघावं, असं माझं मत आहे. जालन्यात सळया बनवणाऱ्या रोलिंग मिल आहेत. तिथे देखभालीला फिटर आणि इलेक्ट्रिशियन कायम लागतात. वाळूज, चिकलठाण्यात वाहनांचे भाग बनतात, तिथे टर्नर, मशिनिस्ट, टूल अँड डाय मेकर यांना मागणी. लातूरजवळ हरंगुळला रेल्वेच्या डब्यांचा कारखाना आहे, म्हणजे वेल्डिंग आणि इलेक्ट्रिकल. शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक या औद्योगिक नगरीत नवे कारखाने येत आहेत. टोयोटा किर्लोस्करने २०२४च्या जुलैत संभाजीनगरात प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला, तेव्हापासून आमच्या भागातल्या प्रत्येक आईवडिलांच्या तोंडी ते नाव आहे. आणि गाव सोडायचं नसेल तर वायरमन, इलेक्ट्रिशियन बघा. सौर कृषिपंप आता शिवारात सगळीकडे दिसतात, ते बसवणारा आणि बिघडले की उघडून बघणारा माणूस मात्र तालुक्यात शोधावा लागतो. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीलाही हेच व्यवसाय चालतात. वेल्डर एक वर्षाचा म्हणून लोक त्याला खालचा समजतात. चांगला वेल्डर काय कमावतो ते एखाद्या फॅब्रिकेशनच्या शेडवर जाऊन विचारा.

आता वर्कशॉप. फिटरला पहिले काही महिने कानस चालवणं असतं. एमएसचा (साध्या पोलादाचा) तुकडा व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, धरायचा, घासायचा, ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचं साधन) लावून उजेडात धरायचा, फट दिसली की पुन्हा घासायचा. तळहाताला फोड येतात. माझी मैत्रीण चौथ्या आठवड्यात घरी निघाली होती, तिच्या माईने परत आणून सोडली. त्या वेळी मलाही वाटायचं की कारखान्यात सगळं मशीन करतं, मग हे कशाला? आता कळतं. पाव मिलिमीटर जास्त गेलं की जॉब, म्हणजे हातातला नग, वाया, हे हाताला आधी कळावं लागतं, मग ते ड्रॉइंगवर वाचता येतं. ज्याने कानस टाळली त्याला टॉलरन्स (मापात किती फरक चालतो) हा शब्द कायम परकाच राहतो.

अडचण पुढे होती. आमच्याकडच्या चार लेथांपैकी दोन चालू. वीसजणांत दोन लेथ म्हणजे आठवड्यात किती वेळ हात लागणार? बाकीचे बघत उभे. परीक्षेत ठरावीक जॉब यायचा, तो पाठ झालेला असायचा. निदेशक, म्हणजे शिकवणारे, चांगले होते, पण एका निदेशकाकडे दोन तुकड्या. मी आणि एक मुलगा सकाळी लवकर येऊन लेथ धरायचो, ते बघून निदेशकांनी शनिवारी आम्हाला थांबू दिलं. ते दोनेक तास नसते तर मी आज इथे नसते. तुम्हीही प्रवेश घेण्याआधी एकदा त्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये जाऊन या. कुठली मशीन चालू आहेत, कुठल्या मशीनवर कापड टाकलेलं आहे, तिथल्या मुलांना विचारा. मुलं खरं सांगतात.

सरकारी धोरणाचा संबंध इथेच येतो. आयटीआयची योजना १९५० सालची, म्हणजे पंचाहत्तर वर्षांहून जुनी. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१चा. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक आकडा दिलेला आहे, तो मला विसरता येत नाही: बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार १९ ते २४ वयाच्या कामकरी तरुणांपैकी पाच टक्क्यांहून कमी लोकांनी औपचारिक व्यावसायिक शिक्षण घेतलेलं होतं, आणि जर्मनीत हेच प्रमाण ७५ टक्के. आता मोठा पैसा येतो आहे. २०२५च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या पीएम-सेतू योजनेत देशातली १,००० सरकारी आयटीआय सुधारायची आहेत, २०० मुख्य केंद्रं आणि त्यांना जोडलेली ८००, एकूण खर्च ६०,००० कोटी. त्यातले १०,००० कोटी उद्योगांनी घालायचे आणि संस्था चालवण्यातही त्यांचा हात असायचा, असं ठरलं आहे. हे व्हायलाच हवं होतं. पण नवं सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) आलं आणि त्याचे इन्सर्ट (कापायची पाती) घ्यायला पैसे नाहीत, किंवा ते चालवणारा निदेशकच नेमला नाही, तर त्यावरही कापडच पडेल. निदेशकांची रिकामी पदं भरणं हे मशीन आणण्याइतकंच निकडीचं आहे, आणि त्याची बातमी होत नाही म्हणून ते मागे पडतं. मराठवाड्यातल्या मुलांना पुणे-पिंपरीच्या मुलांसारखा बाजूलाच कारखाना नसतो. त्यांना जे शिकायचं ते त्या वर्कशॉपमध्येच.

माझी सगळ्यात मोठी चूक आयटीआय संपल्यावर झाली. निकाल लागला आणि पंधरा दिवसांत गावातल्या एकाने वाळूजला ठेकेदाराकडे लावून दिलं. महिना साडेनऊ हजार. अप्रेंटिसला तेव्हा सातच्या आसपास मिळायचे. घरी कापसाला भाव नव्हता, वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, नावावर सोसायटीचं कर्ज होतं. अडीच हजारांचा फरक आम्हाला फार मोठा वाटला. काम काय, तर पेट्यांत माल मोजून भरणं. आयटीआयचं प्रमाणपत्र कुणी बघितलंही नाही. आठ महिन्यांनी ऑर्डर कमी झाल्या आणि आम्हा चौदाजणांना एका संध्याकाळी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. पीएफचे पैसे मिळवायला पुढचे सहा महिने फिरले. अनुभवाचा दाखला मिळाला नाही, कारण आम्ही कंपनीचे नव्हतोच.

म्हणून कळकळीने सांगते, आयटीआयनंतर अप्रेंटिसचं एक वर्ष सोडू नका. ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. ती कंपनीची मेहरबानी नाही, कायदा आहे. २०१९च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे ५,००० ते ९,००० ठरवलं, बऱ्याच कंपन्या त्याहून जास्त देतात. किमान रकमेतला चौथा हिस्सा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार थेट उमेदवाराच्या खात्यात भरतं. वर्ष संपल्यावर परीक्षा होते आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. रेल्वेत शिकाऊ उमेदवारी केली असेल तर लेव्हल वनच्या (सगळ्यात खालच्या वेतनस्तराच्या) भरतीत वीस टक्के जागा अशा उमेदवारांसाठी असतात. चिकलठाण्याच्या एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेसारखी ठिकाणंही विसरू नका, सगळं वाळूजमध्येच नसतं.

पैशाचा प्रश्न खरा आहे. खोलीभाडं, मेस, गावी जाण्या-येण्याचं भाडं धरलं तर विद्यावेतनात हात तंग राहतो. ठेकेदाराकडचं काम सुटल्यावर मी अप्रेंटिस केली, तेव्हा आम्ही तिघींनी मिळून बजाजनगरला एक खोली घेतली आणि एक वेळ घरी रांधायचो. त्या वर्षात घरी एक रुपया पाठवला नाही. हे घरच्यांना आधीच समजावून सांगावं लागतं, नाहीतर तीन महिन्यांनी फोन यायला लागतात. दादांना मी एवढंच म्हणाले होते, "एक वर्ष बाकी ठेवा माझ्याकडं." त्यांनी ठेवलं.

अप्रेंटिसमध्ये तुम्हाला कुठेही उभं करतील, झाडूही मारायला सांगतील. पण कंपनीत मोजमापाची खोली असते, देखभालीचा विभाग असतो, शिफ्ट बदलताना चालणारं बोलणं असतं. मी जेवणाच्या सुट्टीतला अर्धा वेळ क्वालिटीच्या टेबलाजवळ काढायची. तिथल्या मॅडमनी एकदा हाइट गेज (उंची मोजायचं साधन) हातात दिला. दोन महिन्यांत फर्स्ट पीस, म्हणजे मशीनवरून उतरलेला पहिला नग, तपासायला मलाच बोलवायला लागले. माझ्यासमोर मुलाखतीला येणाऱ्यांनो, वहीत रोजचं काम लिहा: कोणतं मशीन, कोणता जॉब, काय चुकलं. अशी वही घेऊन आलेला उमेदवार मी कधीच परत पाठवलेला नाही.

अप्रेंटिसनंतर मी डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेले. दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय असेल तर हे दार उघडं असतं आणि एक वर्ष वाचतं. पण पहिल्या वर्षाचं गणित न शिकताच स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स (पदार्थ किती ताण सोसतो याचा विषय) समोर येतं. माझे पहिल्या सत्रात दोन विषय राहिले. प्रवेशाच्या आधीचे दोन महिने पहिल्या वर्षाचं गणित मन लावून करा. मग कोरोनाचा काळ आला, बरंचसं शिक्षण मोबाइलवरच झालं. २०२१ला डिप्लोमा हातात आला आणि ज्या कंपनीत अप्रेंटिस केली होती तिथेच क्वालिटीत रुजू झाले.

ज्यांना डिप्लोमा नको, त्यांनी बारावीच्या समकक्षतेचं बघावं. दोन वर्षांचा आयटीआय झालेल्यांना भाषा विषयांची परीक्षा देऊन ती मिळवता येते. पुढे मुक्त विद्यापीठातून पदवी करायची असेल तर तो कागद कामी येतो.

शेवटी कागदपत्रं, कारण मुलाखतीतून निवडलेली मुलं आमच्याकडे इथेच अडकतात. आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. वडिलांचं नाव एकीकडे 'ज्ञानोबा' आणि दुसरीकडे 'ज्ञानेश्वर' असेल तर पोर्टलवर शिकाऊ उमेदवारीचा करार पुढे सरकत नाही. बँक खातं आधारला जोडलेलं हवं, नाहीतर विद्यावेतनातला सरकारी हिस्सा जमाच होत नाही. जातीचा दाखला, नॉन क्रीमीलेयर, अधिवास यांसाठी निकालाची वाट बघू नका. जूनमध्ये सेतू केंद्रावर अख्खा तालुका रांगेत असतो. एप्रिलमध्ये जा, सकाळी दहाच्या आत, आणि प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स सोबत ठेवा.