युद्धकाळासाठी घरातील वृद्धांची पूर्वतयारी : नागपूरच्या कुटुंबांकरिता

युद्धात म्हातारी माणसे मागे राहतात, कारण घर सोडण्याची योजना बहुधा चालत्या-फिरत्या माणसाचा वेग धरूनच आखलेली असते. युक्रेनमध्ये २०२२ पासून आघाडीलगतच्या गावांत हेच घडले. तरुण कुटुंबे निघून गेली आणि घर, गुरे व कोंबड्या सांभाळायला वृद्ध उरले. युक्रेनच्या लोकसंख्येत साठीपुढचे लोक सुमारे एक चतुर्थांश आहेत, पण मारल्या गेलेल्या नागरिकांमध्ये त्यांचे प्रमाण त्याहून जास्त आहे. वेढा पडलेल्या भागातून आजारी, दुर्बल आणि वृद्ध यांना बाहेर काढण्यासाठी युद्धरत पक्षांनी आपसांत समझोता करण्याचा प्रयत्न करावा, असे १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे १७ वे कलम सांगते. परंतु तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना खाली कोणी आणायचे, हे घरालाच आधी ठरवून ठेवावे लागते.

नागपूर सीमेपासून दूर असले तरी वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आणि अंबाझरीचा आयुध कारखाना येथेच आहेत, आणि ज्यांची मुले पुण्या-बंगळूरला किंवा परदेशात आहेत अशी एकेकटी वृद्ध जोडपी प्रतापनगरपासून नंदनवनपर्यंत प्रत्येक वस्तीत आहेत. म्हणून ही तयारी शांततेच्या काळातच करावी, आणि घरातील सर्वांत मंद चालणाऱ्या व्यक्तीपासून तिची सुरुवात करावी.

पहिले काम म्हणजे त्या व्यक्तीशी बोलणे. "मी कुठं येऊ बापा या वयात, तुम्ही जा," हे उत्तर आपल्याकडे ठरलेले आहे, आणि ते ऐकून विषय तिथेच संपवला जातो. माझ्या मते त्या वाक्यामागे घर सोडण्याच्या अनिच्छेपेक्षा इतरांना भार होण्याची भीती अधिक असते. त्यामुळे येणार की नाही असे विचारण्याऐवजी सोबत काय हवे, कोणाकडे राहणे सोयीचे वाटेल, देवघरातील कोणत्या मूर्ती घ्यायच्या, गाय किंवा कुत्रा असल्यास तो कोणाच्या हवाली करायचा, हे विचारावे. जरीपटक्यात फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे स्थायिक झाली. अशा घरांतील वृद्धांना घाईने निघताना काय राहून जाते हे ठाऊक असते, त्यांचे आवर्जून ऐकावे.

त्यानंतर जिना उतरून पाहावा. वीज गेल्यावर लिफ्ट बंद असणार हे गृहीत धरून घड्याळ लावावे, आणि कोणत्या वळणावर थांबावे लागते, कठडा कुठे सुटतो, हे नीट पाहावे. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी मजबूत पाठीची लाकडी खुर्ची निवडून ठेवावी. प्लॅस्टिकची खुर्ची वजनाने वाकते. व्यक्तीला बसवून छातीभोवती व कमरेभोवती उपरणे बांधावे. एकाने मागून पाठ धरावी, दुसऱ्याने पुढचे पाय धरून एकेक पायरी उतरावे, आणि वृद्धाचे तोंड उतरण्याच्या दिशेलाच असावे. आधी रिकाम्या खुर्चीने सराव करावा. या कामासाठी शेजारचे दोन जण आताच ठरवून त्यांना तसे सांगून ठेवावे, कारण ऐनवेळी प्रत्येक जण आपापल्या घरात गुंतलेला असतो.

हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा दोन मिनिटे चढत्या-उतरत्या आवाजात वाजतो आणि धोका टळल्याचा भोंगा दोन मिनिटे एकसारखा वाजतो. रात्री श्रवणयंत्र काढून झोपणाऱ्याला यांपैकी काहीच ऐकू येणार नाही. त्याला हाताने हलवून उठवण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर नाव घेऊन सोपवावी. श्रवणयंत्र, चष्मा, कवळी आणि काठी रोज रात्री उशाशी एकाच ठिकाणी असावीत. दिवे बंद ठेवण्याच्या काळात अंधारात पडून खुब्याचे हाड मोडण्याचा धोका मोठा असतो, म्हणून पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची वाट रिकामी ठेवावी.

औषधांचा किमान पंधरा दिवसांचा साठा असावा. कापलेल्या पट्टीवरून नाव आणि मुदत दोन्ही निघून जातात, त्यामुळे पूर्ण पट्ट्याच ठेवाव्यात आणि कागदावर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव, मात्रा व वेळ लिहावी, म्हणजे दुसऱ्या गावीही तेच औषध मिळते. फिट्सच्या, स्टिरॉइडच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या अचानक बंद झाल्यास जीवावर बेतू शकते. अशा औषधांची नावे डॉक्टरांना विचारून लाल शाईने लिहावीत. इन्सुलिनचा प्रश्न नागपुरात वेगळाच आहे, कारण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. वीज नसल्यास एका मातीच्या भांड्यात दुसरे ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरावी, आणि आतल्या भांड्यात कोरड्या डब्यात इन्सुलिन ठेवावे. ते बर्फाला मात्र थेट लागू देऊ नये. ऑक्सिजनचे यंत्र साधारण ३०० ते ४०० वॅट वीज घेते, तेव्हा आपला इन्व्हर्टर ते किती वेळ चालवेल हे तपासून जोडीला सिलिंडर ठेवावा. डायलिसिस चालू असल्यास पर्यायी केंद्र आधीच विचारून ठेवावे.

आधार, पेन्शनचा पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) आणि बँक पासबुकाच्या प्रती व थोडी रोख रक्कम पाण्यापासून सुरक्षित पिशवीत ठेवावी. विस्मरणाचा आजार असलेल्यांच्या कपड्याच्या आत नाव आणि दोन फोन क्रमांक शिवून टाकावेत.

निवारा केंद्रात गेल्यावर वृद्धांची आबाळ रांगेपाशी सुरू होते. धान्याची आणि पाण्याची रांग तासभर चालते, शौचालय उकिडवे बसण्याचे असते, आणि ज्याला यातले काही जमत नाही तो लाजेपोटी पाणी पिणेच कमी करतो. कमोडची खुर्ची सोबत नेणे म्हणूनच चैनीचे नाही. केंद्रात काम करणाऱ्यांनीही वाटप करताना रांगेत कोण आले नाही, हे आधी विचारले पाहिजे.

ज्येष्ठ नागरिक मंडळांनी आपल्या वस्तीत एकटे राहणारे, अंथरुणाला खिळलेले आणि ऑक्सिजनवर असलेले यांची कागदी यादी करून ती दोन विश्वासू व्यक्तींकडेच ठेवावी. यादीवर ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ हे क्रमांक असावेत. डॉक्टरांनी गोळी बदलली, भाडेकरू बदलला किंवा खुर्ची उचलायला तयार झालेला शेजारी घर सोडून गेला, की त्याच आठवड्यात घरातील कागद आणि मंडळाची यादी दोन्ही दुरुस्त करावीत.