टर्बो गाडीच्या बॉनेटखालची गरमी कशी कमी करावी: सुरुवात रेडिएटरच्या फटींपासून

मे महिन्यातली संध्याकाळ. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर अंधेरीपासून गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगतेय. पुढे जरा मोकळी जागा मिळाली म्हणून पाय दाबावा, तर गाडी सुस्त. तापमानाचा काटा मात्र मधोमध, 90 वर. मेकॅनिक काटा बघतो आणि सांगतो, गाडी ठीक आहे. ती ठीक नसते. काटा फक्त कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं तापमान सांगतो, आणि बऱ्याच गाड्यांत कूलंट थोडं वरखाली झालं तरी तो जागचा हलत नाही. बॉनेटखाली कोंडलेली गरम हवा इंजिन ओढतंय, हे त्याला कळायचं कसं? हवा 10 अंशांनी तापली की साधारण 3 टक्क्यांनी विरळ होते. शिवाय नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक, टाळायला ईसीयू (इंजिनचा संगणक) इग्निशन मागे घेतो, ठिणगी उशिरा टाकतो. ताकद तिथे जाते.

म्हणून आधी मोजा. ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र लावून इनटेक हवेचं (इंजिनात जाणाऱ्या हवेचं) तापमान बघा, सिग्नलला उभं असताना आणि रस्ता मोकळा असताना. धावताना उतरतं आणि जॅममध्ये भराभर चढतं, तर गरम हवा परत फिरतेय असं समजा. जॅममध्ये सगळं ठीक, पण वेग धरल्यावर कूलंट तापतंय, तर रेडिएटरमधून हवा किंवा कूलंट नीट वाहत नाहीये. हा फरक न बघता थेट मोठा रेडिएटर बसवून घेणारे मी पुष्कळ पाहिलेत. पैसे जातात, गरमी तिथेच राहते.

मग सोपी कामं उरका. बॉनेटखाली उघडा फिल्टर लावला असेल तर काढा आणि कंपनीचा बंद एअरबॉक्स परत बसवा. कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटरच्या जाळीतली धूळ साध्या नळीच्या पाण्याने, इंजिनकडून पुढच्या दिशेने धुवा. प्रेशर वॉशर नको, जाळीची नाजूक पाती वाकतात. स्पीडब्रेकरवर तुटलेला खालचा प्लास्टिकचा ट्रे नवा आणून लावा. "ट्रे काढला की इंजिनला हवा लागते" हा सल्ला मी दर महिन्याला ऐकतो. ट्रे नसला की रस्त्यावरची हवा खालून बॉनेटमध्ये शिरते, तिथला दाब वाढतो आणि रेडिएटरमधून हवा ओढली जाणं कमी होतं.

आता खरं काम, फटी बुजवणं.

उभ्या गाडीत रेडिएटरमधून हवा फक्त पंखा ओढतो, आणि हवा नेहमी सोपी वाट धरते. रेडिएटरच्या बाजूला, वर, किंवा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये दोन बोटं फट असेल, तर पंख्याने मागे फेकलेली गरम हवाच त्या फटीतून पुढे येते आणि पुन्हा रेडिएटरमध्ये शिरते. तीच ती हवा गोल फिरत राहते. अपघातात बंपर बदललेल्या गाड्यांत तर बाजूचे प्लास्टिकचे पडदे गायबच असतात. गॅरेजवाले ते परत लावत नाहीत आणि मालकाला पत्ता नसतो.

फट शोधायला अगरबत्ती वापरा. पेट्रोलचा जरासाही वास येत असेल तर मात्र हा प्रयोग करूच नका, आधी गळती काढा. वारा नसलेल्या पण उघड्या जागी गाडी चालू ठेवा, एसी लावा म्हणजे पंखा फिरेल. अगरबत्ती रेडिएटरच्या कडांजवळ, पंख्यापासून हात लांब ठेवून, इंजिनच्या बाजूने धरा. धूर कडेने पुढे पळाला तर फट सापडली. खडूने खूण करा. त्यानंतर गाडी बंद करून पूर्ण थंड होऊ द्या आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढूनच हात आत घाला. इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही सुरू होतो.

सामान मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर मिळतं: ईपीडीएम या गरमीत टिकणाऱ्या रबराची बीडिंग, म्हणजे कडेला चढवायची पट्टी, आणि पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. लहान फटीला नुसती बीडिंग पुरते. मोठ्या फटीला पत्रा वाकवून लावा आणि त्याच्या कडेला बीडिंग चढवा. पत्र्याची नागडी कड रेडिएटरला किंवा पाइपला टेकता कामा नये. रेडिएटर रबरी बुशांवर बसलेला असतो, तो हलतो. कड घासत राहिली तर पाइप कापला जातो. सोफ्याचा फोम मी पहिल्यांदा भरला होता. महिन्याभरात त्याचा भुगा झाला आणि पातींत जाऊन बसला. तो चिमट्याने काढण्यात माझा अख्खा रविवार गेला. सिलिकॉननेही कायमचं चिकटवू नका, पुढच्या वेळी रेडिएटर काढायचा आहे.

आणि माझी सगळ्यात मोठी चूक. पंख्याच्या श्राउडवर, म्हणजे त्याच्याभोवतीच्या प्लास्टिकच्या आवरणावर, काही गाड्यांत रबराच्या लहान झडपा असतात. मला त्या फटी वाटल्या, म्हणून मी टेपने घट्ट बंद केल्या. जॅममध्ये गाडी झकास. दुसऱ्या दिवशी पनवेल सोडून एक्स्प्रेसवेवर वेग धरला आणि कूलंट चढू लागलं. त्या झडपा पंख्याच्या ओढीने बंद होतात आणि वेगात समोरून आलेल्या हवेने उघडतात, कारण तेवढी हवा एकट्या पंख्याच्या भोकातून जाऊ शकत नाही. त्यांना हात लावू नका. रबर कडक होऊन झडप उघडी राहिली असेल तर श्राउड बदला.

फटी बुजल्यावरच एक्झॉस्टकडे वळा. टर्बोवर (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंप) त्याच्या मापाचं, उष्णता अडवणारं ब्लँकेट आणि इनटेक पाइप व एक्झॉस्टच्या मध्ये हीट शील्ड, दोघांत बोटभर मोकळी जागा ठेवून. डाउनपाइपवर, म्हणजे टर्बोतून निघणाऱ्या एक्झॉस्ट पाइपवर, गुंडाळायच्या पट्टीबद्दल माझं मत ठाम आहे: मुंबईत रोज चालणाऱ्या गाडीला ती लावू नका. पट्टी पावसाचं पाणी धरून ठेवते, त्यात समुद्राची खारी हवा, आणि आतल्या आत पोलाद गंजतं. बिडाच्या मॅनिफोल्डवर (इंजिनमधला एक्झॉस्ट एकत्र करणाऱ्या भागावर) तर मुळीच नको, उष्णता अडून तो तडकू शकतो.

बॉनेटच्या मागच्या बिजागरीखाली वॉशर टाकून फट ठेवायची युक्तीही सोडा. वेगात काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे तिथून हवा बाहेर न पडता आत शिरते. उभ्या गाडीत गरम हवा निघते खरी, पण केबिनला हवा घेणारी जाळी तिथेच असते. इंजिनचा वास थेट घरच्यांच्या नाकात.

सगळं झालं की त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, एसी चालू ठेवून पुन्हा मोजा. सिग्नलला उभ्या गाडीत तापमान पूर्वीइतकंच चढलं, तर अगरबत्ती घेऊन पुन्हा खालची कड तपासा. पत्रा बहुतेक तिथेच कमी पडतो आणि बंपरखालून गरम हवा वर येते. पावसाळा संपला की त्याच कडेत साचलेला चिखलही काढा.